उलट्या पावली घेवडा

शेतात उलटा चालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. म्हणजे दोन पाहिले, पण दुसऱ्याचं नंतर सांगते.

डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात गुडघ्यापर्यंत काळे गमबूट, पाठीवर औषधाचा पंप, गळ्यात शिट्टी, आणि चाल मागं मागं. आमच्यातल्या हौसानं त्याला पहिल्यांदा तसं पाहिलं तेव्हा ती खुरपं टाकून पळाली होती. उलट्या पायांचं काय असतं ते तिला तिच्या आजीनं लहानपणीच सांगून ठेवलं होतं. तिला परत आणायला मला ओढ्यापर्यंत जावं लागलं.

त्याचं नाव लिहीत नाही. वडगाव रासाईत ते कुणी घेतही नव्हतं. कुरकुंभच्या एका कंपनीत त्यानं उमेदीची वर्षं काढली, मग लवकर नोकरी सोडून गावी आला. तिथं तो फोरमन होता की आणखी कोण, मला ठाऊक नाही. आम्ही त्याला तोंडावर फोरमनसाहेब म्हणायचो आणि मागं नुसतं फोरमन. लिहिताना मी ‘तो’ म्हणते. त्याला चाललं असतं. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. म्हातारा होऊन गेला, अंथरुणाला न खिळता गेला, त्याबद्दल रडण्यासारखं काही नाही.

मी चौथीपर्यंत शिकले आणि मग खुरपं धरलं. आमच्या बौद्धवस्तीतल्या बायांची खुरपणीची टोळी माझ्या हाताखाली होती. कुणाच्या रानात किती बाया जायच्या, कधी जायच्या, हे मी ठरवायची. तेव्हा मोबाईल आले नव्हते. ज्याला बाया पाहिजेत त्यानं आदल्या दिवशी माझ्या दारात यायचं. फोरमन यायचा तो सायकलवरून, हेल्मेट घालून. दारात उभा राहून म्हणायचा, “उद्या फर्स्ट शिफ्टला मॅनपावर पायजे.” आमच्यात सगळ्या बायाच होत्या, पण त्याची मॅनपावर कधी बदलली नाही.

त्याच्या रानाला गेट होतं. कुंपण नव्हतं, गेट होतं. बांधावर दोन दगडांवर आडवा टाकलेला एक बांबू. आठ वाजता तो शिट्टी मारून बांबू उचलायचा, बाया आत गेल्या की खाली ठेवायचा. उशिरा येणारीनं बांबूपाशी थांबायचं. वळसा घालून कुणीही आत येऊ शकत होतं, आमच्या शेळ्या रोज येतही होत्या. पण बाया थांबायच्या. थांबलं की त्याला बरं वाटायचं, आणि आम्हालाही तेवढीच मिसरी लावायला सवड मिळायची.

काम सुरू करायच्या आधी सेफ्टीचं बोलणं व्हायचं. खुरपं कसं धरावं, बोट कुठं ठेवावं, वाकताना कंबर कशी सांभाळावी. आमच्यातल्या बायकांना खुरपं धरायला लागून त्याच्या नोकरीपेक्षा जास्त वर्षं झालेली होती. तरी आम्ही ऐकून घ्यायचो. एकदा हौसानं विचारलं, बोट कापलं तर कंपनी काय देती? त्यानं खूप विचार केला आणि म्हणाला, “टिंक्चर.”

आणखी एक होतं. रानात त्यानं पाण्याचा एक स्टीलचा पिंप ठेवला होता, त्याला तोटी, आणि वर एकच पेला. त्याच पेल्यानं तो प्यायचा, त्याची वहिनी प्यायची, आम्ही प्यायचो. भाकरी खायच्या आधी सगळ्यांनी एकाच साबणानं हात धुवायचे, कारण रानात औषध असतं. त्याच्या वडिलांच्या काळात त्याच बांधावर आम्हाला वरून ओंजळीत पाणी ओतलेलं मी पाहिलं होतं. त्यानं त्याचं काही भाषण केलं नाही. कंपनीत एकच कूलर असतो, म्हणून इथंही एकच. मी साबण मात्र वासाचा आणा म्हणून सांगितलं.

वासाचा असला काय आणि नसला काय, त्याला सारखाच. कुरकुंभला असताना त्याचं नाक गेलं होतं. मोगरा आणि मुतारी त्याला एकच. डोळे, कान शाबूत होते, पण वासाच्या बाबतीत माणूस ठार कोरा. हे पुढं कामाला आलं म्हणून सांगते.

आता घेवड्याकडं येते.

तो बघायचा ते रान कागदावर दोघा भावांचं होतं, आणि त्यात काय लावायचं ते ठरवायचं थोरल्यानं, म्हणजे आबांनी. आबांचा सगळा जीव उसात. आबा उजव्या पायानं लंगडायचे, बैलगाडीवरून पडल्यापासून, पण चालायचे जोरात. फोरमनला ऊस नको होता. त्याला श्रावणघेवडा करायचा होता, हिरव्या शेंगांचा, पुण्याच्या मार्केटला टेम्पो भरून जाणारा. आम्हालाही तेच पाहिजे होतं. ऊस एकदा लावला की आम्हा बायांना त्यात फारसं काम नाही. घेवड्याला मात्र खुरपणी असते आणि मग दर दोन दिवसांआड तोडणी, तीही गावातच, लांबच्या रानात टेम्पोत उभं राहून जायला नको.

पण घेवडा गवताला भितो. रोप बुटकं असतं, पहिला महिना ते गवताखाली गेलं की संपलं. त्यासाठी फोरमननं यवतच्या दुकानातून तणाचं औषध आणलं. उगवून आलेलं गवत मारणारं नव्हे. पेरलं की लगेच ओल्या मातीवर मारायचं, मातीवर त्याचा पातळ थर बसतो आणि गवताचं बी त्याच्यातून वर येत नाही. तो थर तुटू नये म्हणून मारलेल्या जागेवर पाय द्यायचा नाही. म्हणून तो उलटा चालायचा. मारत मारत मागं. पाऊल मागं, डोळा पुढं, असं त्याचं सारखं चालायचं.

मी भांडले त्याच्याशी. खुरपणीत जे गवत निघतं ते खुरपणाऱ्या बाईचं, ही आमच्याकडं पहिल्यापासूनची रीत. त्या भाऱ्यावर आमच्या शेळ्या जगायच्या. तांदुळजा, घोळ वेगळी काढली की संध्याकाळच्या भाजीचं काम भागायचं. मी त्याला विचारलं, तुमच्या औषधानं गवतच आलं नाही तर आम्ही खुरपायचं काय आणि शेळ्यांनी खायचं काय? तो म्हणाला, तोडणी तुमचीच, तोडून तोडून दमाल. मी म्हणाले, शेळ्या तोडणी खात नाहीत. शिट्टी मारून त्यानं चहाची सुट्टी केली.

पहिल्या वर्षी मात्र त्यानं आमच्या शेळ्यांची दिवाळी केली. झालं असं, की त्याला वाटलं, पिकाला खत आणि गवताला औषध, दोन्ही एकदम दिलं की दुप्पट फायदा. त्यानं धनगरांच्या मेंढ्या रानात बसवल्या. आमच्याकडं बसवतात तशा, रात्रभर मेंढ्या रानात राहतात आणि लेंड्या पडतात. त्यात काही चुकीचं नाही. पण त्या लेंड्या ताज्या असतानाच त्यानं वरवर नांगर फिरवला, घेवड्याचं बी एकेक टोकून लावलं आणि हेल्मेट घालून उलटा चालत औषध मारलं. औषध मातीवर बसायचं ते लेंड्यांना आणि काडीकचऱ्याला चिकटून बसलं. आणि मेंढ्या नगरच्या माळापासून चरत चरत आलेल्या. वाटेतल्या गावागावाचं बी त्यांच्या पोटातून आमच्या रानात उतरलं.

असलं गवत मी जन्मात पाहिलं नव्हतं. हराळी, केना, माठ तर आलाच, पण ज्यांची नावं वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला सांगता आली नाहीत असली झाडं आली. घेवडा कुठं आहे ते विचारावं लागायचं. हौसा रोज नवं काहीतरी उपटून त्याच्यापुढं धरायची, साहेब, ही कुठली पावणी? तो हातात घेऊन बघायचा आणि गंभीरपणे म्हणायचा, “रिजेक्शन.”

आम्ही खुरपून खुरपून भारे नेले. माझ्या काळ्या शेळीला त्या वर्षी तिळं झालं. घेवडा निघाला तो घरी भाजीला पुरेल एवढा.

आबा बांधावर आले. आम्ही सगळ्या होतो, वहिनीही होत्या. आबा म्हणाले, आणखी एक हंगाम देतो. पुढच्या वक्ताला खुरपणीच्या आधी ह्या रानात गवताचा एक पट्टा जरी दिसला, तर मी ऊस लावणार. अट काही धड नव्हती, गवत कुठल्या रानात येत नाही? पण फोरमनला कंपनीतलं कुठलं तरी वारं शिरलं आणि तो सगळ्यांदेखत म्हणाला, “मंजूर. झिरो डिफेक्ट.”

आबा गेल्यावर मी त्याला झापलं. असली अट कुणी मान्य करतं का? तो पिंपाजवळ बसला होता. शिट्टी मुठीत.

“आवो, उसात मला काय काम?” तो म्हणाला. “पानी सोडायचं आन् बांधावर बसायचं. घंटा न्हाई, शिफ्ट न्हाई, तुमच्यासारखी मानसं न्हाईत. मी बसून बसून मरन की.”

हे त्यानं रडून सांगितलं नाही, सांगितलं एवढंच. मी म्हणाले, मग लेंड्या कुजवा आधी.

त्यानं खड्डा काढला. शेण, लेंड्या, पालापाचोळा, सगळं त्यात. खत म्हणजे त्याची कंपनीच झाली. लोखंडी सळई ढिगात खुपसायची, काढून हाताला लावून बघायची, ऊन आहे की थंड. पण कुजलं की नाही हे खरं कळतं वासावर, आणि वास तर त्याला येत नव्हता. मग मला बोलावणं. मी कुणाच्याही रानात असो, सायकल यायची. खड्ड्यावर जायचं, त्यानं ओंजळभर खत माझ्या नाकापुढं धरायचं.

“कसला येतोय?”

“गोठ्याचा.”

“मटेरियल बाद,” म्हणून तो परत टाकायचा.

पंधरवड्यानं परत. गोठ्याचा. परत. आंबूस. गावात बाया विचारायला लागल्या, तुला फोरमन कशाला न्यायला येतो गं? मी सांगायची, शेण हुंगायला. कुणाला खरं वाटायचं नाही, आणि मी खोटं बोलत नाही हेही सगळ्यांना ठाऊक, त्यामुळं त्यांची पंचाईत व्हायची.

एके दिवशी त्यानं ओंजळ धरली आणि मी हुंगून बघितलं तर काही नाही. काळं, भुसभुशीत, चहाच्या भुकटीसारखं.

“कसला येतोय?”

“कसलाच न्हाई.”

त्याचं तोंड एवढं फुललं. “मंग आता आपून दोघं सारखं,” तो म्हणाला, आणि ते खत त्यानं स्वतःच्या नाकाला लावून जोरात श्वास घेतला.

त्या वर्षी सगळं रीतसर झालं. कुजलेलं खत आधी रानात मिसळलं, मग घेवडा टोकला, हलकं पाणी दिलं, आणि ओल असतानाच तो पंप घेऊन उलटा निघाला. फवारून झाल्यावर रानाच्या चारी बाजूंनी त्यानं चुन्याची रेघ ओढली. रेघेच्या आत कुणी पाय टाकायचा नाही. आम्हाला सांगितलं, वहिनींना सांगितलं, शेळ्यांना बांधायला लावलं. आबांनाही सांगितलं. आबा म्हणाले, मला रेघा दाखवू नको.

घेवडा उगवला. दोन पानांवर आला, चार पानांवर आला. आणि खाली माती काळीभोर, स्वच्छ, सारवल्यासारखी. लोक बांधावर उभं राहून बघून जायचे. मला एका डोळ्यानं आनंद होत होता आणि दुसऱ्यानं शेळ्यांची काळजी.

मग एक हिरवी रेघ दिसायला लागली.

घराकडच्या कोपऱ्यापासून रानाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत, तिरपी, मधोमध. बाकी रान स्वच्छ आणि तेवढ्याच ओळीनं गवत. आबांच्या ओसरीवर बसलं की समोर तीच दिसायची. आबा काठी न घेताच आले. आम्ही त्या दिवशी शेजारच्या रानात कांद्याला होतो, आरडाओरडा ऐकून सगळ्या बांधावर जमलो.

“ह्यो काय? पट्टा न्हाई का ह्यो?” आबा म्हणाले.

फोरमन गुडघ्यावर बसला होता. माती चिमटीत घेऊन बघत होता, पंपाचं तोंड काढून फुंकत होता. त्याला वाटलं, मारताना तेवढ्या जागी तोंड तुंबलं असणार. पण पंप आडवा-उभा फिरतो, तिरपा कसा जाईल? त्याला काही समजेना. शेवटी त्यानं हेल्मेट काढून मातीवर ठेवलं. त्याला टक्कल आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तो उठला आणि म्हणाला, “बेनं सांगा, आबा. रिजेक्ट झालं.”

मला त्याचा राग आला. रानभर सोन्यासारखा घेवडा उभा आणि हा बाबा एका रेघेसाठी उसाचं बेणं सांगतोय. पण शब्द दिला होता, सगळ्यांदेखत.

आबा खूश झाले. म्हणाले, म्हसोबाला सांगून येतो. त्यांच्या रानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात शेंदराचा एक दगड आहे, तो म्हसोबा. मला त्याच्याशी घेणंदेणं नाही, पण आबा रोज पहाटे अंघोळ करून, अनवाणी, त्याला फूल वाहून यायचे. बांधावरून गेलं तर लांब पडतं. आबांनी वहाणा काढल्या आणि वडिलांच्या वेळेपासूनच्या सवयीनं चुन्याची रेघ ओलांडून सरळ रानात शिरले.

पहिल्यांदा हौसा हसली. मग आम्ही बघितलं.

ती रेघ सलग नव्हती. एक हिरवा पुंजका, पावलाएवढा. मग एक लांबट हिरवी फरफट. परत पुंजका, परत फरफट. आबांचा डावा पाय पुंजक्यावर पडत होता आणि लंगडा उजवा फरफटीवरून घासत जात होता, एकही न चुकता. पेरल्यापासून रोज ओल्या मातीवरचा औषधाचा तो थर आबा पायाला चिकटवून म्हसोबाकडं घेऊन जात होते. फोरमनची शिफ्ट आठची, आबांची पहाटेची. दोघांची गाठ पडलीच नव्हती.

फोरमननं ते बघितलं. हळूच शिट्टी तोंडात धरली आणि अशी मारली की आबा एक पाय वर धरून जागच्या जागी थांबले.

“आबा,” मी म्हणाले, “हाय तिथंच ऱ्हावा आन् पायाखाली बघा.”

आबांनी बघितलं. वर धरलेला पाय खाली ठेवला, तो पुंजक्यात बसला. मागचा उचलून परत टेकवला, तोही बसला.

“देवाची वाट हाय ही,” आबा म्हणाले. “देवाच्या वाटंला गवत येनारच.”

“देवावर घालू नका,” फोरमन म्हणाला. “देव लंगडा न्हाई.”

वहिनींनी तोंडाला पदर लावला. आबा रागावतील असं वाटलं, पण त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते तिथंच, घेवड्याच्या मधोमध, पोट धरून हसायला लागले. हसताना तोल गेला तर फोरमन चुन्याची रेघ विसरून, गमबुटांनी रान तुडवत त्यांना धरायला धावला. पुढं त्याच्या बुटांचाही माग गवतानं उगवला.

मग ठरलं. उसाचं रद्द झालं. म्हसोबाची वाट यापुढं रिकामी सोडायची, तिच्यावर घेवडाही नाही आणि औषधही नाही. गवत आलं तर येऊ द्यायचं.

“आन् त्या वाटंचं गवत आमचं,” मी म्हणाले.

दोघं भाऊ एकदम वळून माझ्याकडं बघायला लागले. एकमेकांशी पटायला त्यांना एवढी वर्षं लागली असतील, पण ‘व्हय’ दोघांच्या तोंडून बरोबरच निघालं.

मग आम्ही एक खुरपणी दिली. औषध लव्हाळ्याला काही करत नाही, त्याला खुरपंच लागतं. फोरमन तेव्हापासून सगळ्यांना सांगायचा, खत आधी, औषध मधी, बाया शेवटी. मी विचारलं, आम्ही शेवटी का? तो म्हणाला, फायनल इन्स्पेक्शन. घेवडा असा आला की तोडताना वाकलेली कंबर सरळ करायला फुरसत नव्हती. टेम्पोचा ड्रायव्हर पोत्यांवर बसून पोती दाबायचा. आमच्या घरी इतका घेवडा शिजला की माझा मुलगा ताट बघूनच उठायला लागला.

दुसऱ्या उलट्या माणसाचं राहिलं.

दोन-तीन वर्षांनी नेमकं पेरणीच्या वेळी फोरमनच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं तसंही अंधुक. औषध तर ओलीवरच मारायला पाहिजे. आम्ही सकाळी गेलो तर बांबूचं गेट कुणी उचलेना. फोरमन बाभळीखाली खाटेवर बसलेला. आणि रानातून आबा येत होते. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात धाकट्याचे गमबूट, पाठीवर पंप. मागं मागं. एक पाऊल, एक फरफट. हौसा या वेळी पळाली नाही, ती बांधावर लोळली.

खतासाठी मी त्याचं नाक होतेच, त्या दिवशी डोळेही झाले. खाटेवरून त्यानं मला विचारलं, “रेघ सरळ चाललीय का?”

मी बघितलं. साप गेल्यासारखी रेघ होती. आबा मागं मागं जात म्हसोबाच्या दगडाला धडकले, मटकन त्याच्यावर बसले, उठून त्याला हात जोडले आणि परत मागं निघाले.

“वाकडी हाय,” मी म्हणाले. “पन मागं मागं चाललीय.”

“मंग झालं,” तो म्हणाला, आणि शिट्टी मारून त्यानं चहाची सुट्टी केली.